नाकाला पदर

मला किळस फार. लहानपणापासूनची. आणि जन्म सगळा गेला अळ्यांत. आमचं घर रेशमाच्या अळ्या पाळतं. रेशीम म्हटलं की लोकांना झुळझुळीत साडी आठवते, मला आठवते ती घाण. एकेका रॅकवर हजारो अळ्या, त्या रात्रंदिवस खाणार आणि रात्रंदिवस हगणार. बाईमाणसाने असं बोलू नये म्हणतात. पण जे रोज हाताने उचलायचं त्याचं नाव तोंडाने घ्यायला कसली आलीय लाज?

सासरही अळ्या पाळणारंच होतं. नवरा गेल्यावर मी दादाकडे परत आले त्याला अकरा वर्षं झाली. घरात माणसं चारच. दादा, वहिनी, मी आणि त्यांची मुंगी. मुंगी नऊ वर्षांची. तिचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण चालायला लागल्यापासून ही पोर सतत काहीतरी वाहताना दिसायची, पाल्याचा भारा म्हणा, टोपली म्हणा, म्हणून मुंगी. घराच्या मागे लांब शेड, शेडच्या मागे तुतीचं शेत. घरातून शेतात जायचं तर शेडमधूनच जावं लागतं, त्यामुळे वास कुणाला चुकलेला नाही.

त्या वर्षी पावसाची झड लागली ती उघडायचं नाव घेईना. ओला पाला अळ्यांना चालत नाही, एकेक फांदी फडक्याने पुसून, पंख्याखाली वाळवून घालावी लागते. त्यात घाण काढायला येणारी बाई काम सोडून गेली. तिच्या सुनेला तिच्या अंगाचा वास सोसेना म्हणे. वहिनीला दम्याचा त्रास, शेडमध्ये घटकाभर थांबली की छाती शिट्ट्या मारायला लागते. राहिले दादा आणि मी, आणि शाळेतून आली की मुंगी.

अशा दिवसांत मास्तर आला. आला म्हणजे काय, कुंपणाबाहेर रस्त्यावरच उभा राहिला आणि दादाला हाक मारली. रुमाल तोंडाशी धरून बोलत होता. म्हणाला, मुलगी तिसरीत आहे आणि तिला एक ओळ वाचता येत नाही. तोंडच उघडत नाही. पुढच्या वर्गात तिला ढकलायची कशी? एवढं बोलून लगबगीने निघूनही गेला.

दादाला जे हवं होतं ते आयतंच मिळालं. जेवताना म्हणाला, "वाचताच येत नाही तर कशाला पाठवायची? ही बॅच कोषाला जाईपर्यंत बघू. तोवर मास्तर म्हणाला की वाचते, तर जाईल शाळेत. नाही म्हणाला तर शेडमध्ये घालू. माणूस कमी आहेच."

मला पाचवीतून काढलं तेव्हा आमचे वडील अगदी असंच बोलले होते, अशाच वेळी, अशाच कामाच्या बाईने काम सोडल्यावर. "बघू" म्हणाले होते. त्याचं काय झालं ते माझ्या हातांकडे बघा, नखांच्या कडा कायमच्या हिरव्या झाल्यात. मी म्हटलं, मी शिकवते तिला. दादा म्हणाला, शिकव, पण कामाची वेळ सोडून. वहिनीने माझ्या ताटात अजून वाढलं.

शेडच्या एका टोकाला आधीची बॅच अजून उरकायची होती, आणि या नव्या बॅचची अंडी त्याच दिवशी फुटली होती. अंड्यापासून कोषापर्यंत पंचवीस दिवस लागतात. तेवढ्यात अळ्या चार वेळा झोपतात, झोपेत कात टाकतात आणि उठल्या की पहिल्यापेक्षा दुप्पट खातात. आम्ही घड्याळ, तारीख काही बघत नाही, पहिली झोप, दुसरी झोप असंच मोजतो. अळ्या झोपल्या की त्यांना पाला नाही. आमच्या घरात सुट्टी असते ती तेवढीच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी साबण लावून दोनदा आंघोळ केली, स्वच्छ साडी नेसले आणि ओसरीवर पुस्तक घेऊन बसले. मुंगी शेडमधून तशीच आली. केसांत पाल्याचे तुकडे, फ्रॉकला घाण, आणि वास तर असा की सांगायची सोय नाही. मी पदर नाकाला लावला. पुस्तकाला हात लागू नये म्हणून झाडूचा एक हीर मोडून घेतला आणि लांबूनच एकेका अक्षरावर ठेवत गेले. हे काय? आणि हे काय?

पोर मख्ख. पुस्तकाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. तोंडाचा नुसता चंबू. मी गोडीने विचारलं, मग रागाने विचारलं, मग पाठीत एक धपाटा घातला. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एकदा तिचे ओठ हलले, मला वाटलं आता फुटला दगडाला पाझर, म्हणून मी पुढे वाकले. तिने माझ्या पदराकडे पाहिलं आणि ओठ परत मिटून घेतले. मला तेव्हा एवढंच वाटलं की कार्टी हट्टी आहे. आणखी एक धपाटा बसला तिला.

पहिली झोप झाली. अळ्या उठल्या आणि त्यांच्यात रोग निघाला. ओल्या हवेत निघतोच. अळी फुगते, कातडी ताणून चकचकीत होते, मग ती ट्रेच्या काठाकाठाने वेड्यासारखी फिरत राहते आणि शेवटी फुटते. आतून दुधासारखं पाणी येतं. ते पाणी ज्या अळीला लागेल तीही गेली. म्हणून फुटायच्या आत एकेक वेचून चुन्याच्या बादलीत टाकावी लागते. माझी बोटं तिथवर जाऊन थांबायची. मुंगीचं तसं नव्हतं. ती झपाझप वेचायची, एकही फुटू न देता. तिची नजर अशी की अख्ख्या ट्रेमधून एवढीशी फुगलेली अळी तिला बरोबर दिसायची. दादा कौतुकाने बघायचा. म्हणायचा, हिचा हात शेडसाठीच केलाय. मला त्या कौतुकाचीच किळस यायची.

दुसऱ्या झोपेच्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशी, पाला घालायचा नव्हता. मुंगी डबा विसरून गेली होती, तेवढं निमित्त करून मी शाळेत गेले. खिडकीचं एक दार लोटलेलं होतं, त्याच्या आड उभी राहिले. मास्तर एकेकाला उठवून धडा वाचून घेत होता. मुंगी दाराजवळ, पोरांच्या चपलांच्या शेजारी बसलेली. बाकीची रांग आणि ती, यांच्यामध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी.

तिची पाळी आली. ती अजून उठलीही नव्हती आणि पुढच्या पोराने नाक धरलं. त्याच्या शेजारच्या पोरीने धरलं. मग सगळ्या रांगेने. हसलं कुणीच नाही. हसली असती तर ती चेष्टा झाली असती. हे रोजचंच काम होतं, हजेरी द्यावी तशी पोरं नाक धरून बसली. मुंगी उभी राहिली, पुस्तक हातात, तोंड मिटलेलं. मास्तरने पोरांना एका शब्दाने टोकलं नाही. उठला, खिडकीचं लोटलेलं दार उघडलं, तिथे मी. त्याने मला पाहिलं, ओळखलं आणि वळून म्हणाला, "बस. पुढचा."

मी तिथेच त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. एरवी माझी जीभ काय कमी आहे? पण मी डबा खिडकीत ठेवला आणि घराकडे चालायला लागले. आणि वाटेत मला राग कुणाचा आला? मास्तरचा नाही, पोरांचा नाही. राग आला वासाचा. मला वाटलं, हा वास एकदा गेला की झालं. आत्ता सांगतानाही मला माझी शिसारी येते.

शेडमध्ये ब्लिचिंग पावडर असते. बॅच सुरू व्हायच्या आधी रॅक, फरशी, ट्रे, भिंती सगळं तिच्याच पाण्याने धुतात. मेलेल्या अळ्यांचा वास कशाने म्हणजे कशाने जात नाही, तो तिने जातो. तीस वर्षं मी हेच बघत आले. दुसऱ्या कुठल्या घरातल्या बाईला हे सुचलं नसतं, मला सुचलं. मुंगी शाळेतून आल्यावर तिला मोरीत बसवली, वाडग्यात पावडर पाण्यात कालवून दाट लगदा केला, आणि तिच्या हातांना कोपरापर्यंत, मानेला, गळ्याला चोळला. काथ्याने घासला. पोर हूं नाही की चूं नाही. एकदाच म्हणाली, चावतंय. मी म्हटलं, साफ होताना चावतंच. मग पाणी ओतलं, पुसून काढलं आणि पहिल्यांदाच पदर बाजूला करून तिचा वास घेतला. दवाखान्याच्या फरशीसारखा वास येत होता. मला इतका आनंद झाला की मी तिचा मुका घेतला.

अर्ध्या तासात दोन्ही हात लालबुंद. मग फोड आले. मानेवरची कातडी भाजल्यासारखी सुटायला लागली तेव्हा ती रडली, तेही तोंड दाबून. वहिनी धापा टाकत आली, मोरीतला वाडगा तिने पाहिला, माझ्याकडे पाहिलं. दादाने मोटरसायकल काढली. दवाखान्यातल्या सिस्टरने काय लावलं म्हणून विचारलं, मी सांगितलं. मी फुटलेल्या अळीकडे जशी बघते तशी ती माझ्याकडे बघत होती. मलम लावलं, दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळले आणि म्हणाली, दहा दिवस पाणी लावायचं नाही. परत येताना दादा एवढंच बोलला की ऐन रोगाच्या दिवसांत वेचणारे दोन हात गेले. बापाच्या तोंडून हे निघालं. मी मात्र कुठल्या तोंडाने बोलणार होते?

वहिनीने माझ्याशी अबोला धरला. मुंगीला भरवायचं काम मी मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमधून आले, हात धुतले आणि तिच्यापुढे ताट घेऊन बसले. एका हातात ताट, दुसऱ्या हातात घास, पदर सावरायला तिसरा हात कुठून आणणार? तो खांद्यावरच राहिला. मुंगीने घास घेतला आणि माझी बोटं हुंगली.

"हात धुतलेस?" तिने विचारलं.

"साबणाने धुतले."

"तरी येतोच," ती म्हणाली. मग बराच वेळ चावत राहिली. "वर्गात वाचायला उठले की सगळे नाक धरतात. तू पण धरतेस."

आठ दिवस मी तिच्यासमोर बसले होते. आठ दिवस तिने माझा पदर पाहिला होता. वर त्याबद्दल तिने मारही खाल्ला होता. मास्तरला शिव्या द्यायचा माझा हक्क तिथेच संपला. मी एवढंच म्हटलं की आता नाही धरणार. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ठेवावा तरी कशाला?

त्या दिवसापासून आमची शाळा शेडमध्ये भरली. आंघोळ नाही, स्वच्छ साडी नाही. ट्रेमध्ये अळ्यांच्या खाली आम्ही रद्दी वर्तमानपत्रं अंथरतो. घाणीसकट ती काढली की खाली अक्षरं दिसतात. मी कागद झटकायचे, फरशीवर पसरायचे आणि आम्ही दोघी त्याच्यापुढे उकिडव्या बसायचो. तिचे हात पट्टीत, म्हणून बोट मी ठेवायचे. झाडूचा हीर नाही, माझं बोट, त्याच घाणीवर. सुरुवातीला तोंडाने श्वास घेत राहायचे.

पहिला शब्द तिने वाचला तो "विहीर." इतका हळू की मला वाटलं अळ्यांच्या खाण्याचाच आवाज. मी वर बघितलं नाही, शाबास म्हटलं नाही, बोट पुढच्या शब्दावर नेलं. अक्षरं तिला येत होती. पहिलीला असताना कुणी बाई होत्या, त्यांनी शिकवली होती. वर्षभर तोंड मिटून राहिल्याने ती गंजली होती एवढंच. जोडाक्षरं आली की अडायची, रागाने कागदावर पाय आपटायची. मी म्हणायचे, अडली तर अडली, खालच्या ओळीत जाऊ. मधेच एखादी फुगलेली अळी तिला दिसायची, मग ती हनुवटीने दाखवायची, मी उठून उचलायची, परत येऊन बोट ठेवायचं. लग्न जमवायच्या जाहिराती तिला फार आवडायच्या. गोरी, उंच, सुस्वभावी असं वाचलं की खुदखुदून हसायची. एकदा म्हणाली, "आत्या, यात अळ्या वेचणारी कुणालाच नकोय." मी म्हटलं, म्हणून तर वाच. वहिनी दारात पाला पुसत बसायची. ती ऐकते आहे हे मला कळत होतं. पाचव्या दिवशी तिने दोघींसाठी चहा आणून ठेवला, बोलली नाही, पण माझ्या चहात साखर होती.

तिसरी झोप झाली, चौथी झाली. रोग कमी झाला, तरी तिसरा हिस्सा अळ्या गेल्या. अठराव्या दिवशी मुंगीच्या पट्ट्या निघाल्या. हातावर नवी गुलाबी कातडी, अजून नीट न मुरलेली. त्याच सकाळी दादा फरशी धुवायला नवी पिशवी फोडत होता. पावडरची पिशवी. आम्ही दोघी समोरच बसलो होतो. मुंगी उठली, पिशवीजवळ गेली आणि वाकली. पिशवीच्या मागच्या बाजूला मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक अक्षरं होती. ती मोठ्याने वाचायला लागली. शब्दाशब्दाला थांबत, पण थांबून परत पुढे जात.

"हात... मोजे घालून वापरावे. त्व... त्वचेला लागू देऊ नये. लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे."

दादाचे हात उघडेच होते, पिशवीत मनगटापर्यंत. वहिनीने हातातलं फडकं खाली ठेवलं. आणि मी, घरातली एकटी शिकलेली, पाचवीपर्यंत गेलेली, तीस वर्षं त्या पिशव्या फोडत आले होते. एकदाही मागची बाजू उलटून बघितली नव्हती. मला वाटायचं वाचणं म्हणजे पुस्तकातलं. मुंगीने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने फक्त ती ओळ पुन्हा एकदा वाचली, या वेळी न अडता.

दादाने हात बाहेर काढले, पँटला पुसले. मला वाटलं आता तरी काही बोलेल. बोललाही.

"बरंय," म्हणाला, "शेडला वाचणारं माणूस पाहिजेच होतं."

असा संताप आला मला. पण माझ्याआधी वहिनी बोलली. अकरा वर्षांत नवऱ्यासमोर तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. छातीतल्या शिट्ट्यांमधून, थांबत थांबत ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, वाचायला लागली तर शाळेत जाईल. मी होते तिथे." दादा म्हणाला, घरात कुणीही वाचेल, मास्तरने म्हटलं पाहिजे, तसंच ठरलंय. वहिनी म्हणाली, मग मास्तरच म्हणेल. आणि परत पाला पुसायला लागली.

म्हणजे पुन्हा तो वर्ग, ती रांग आणि ती नाकं. उरले होते सहा दिवस. मुंगी रोज वर्तमानपत्र घडाघडा वाचायला लागली होती, पण शाळेचं नाव काढलं की गप्प. मी म्हटलं, मी बरोबर येईन. ती विचार करत राहिली. चोविसाव्या दिवशी अळ्या पिवळसर झाल्या, खाणं सोडून मान वर करून डोलायला लागल्या. आता त्यांना जाळ्यांवर सोडायचं, म्हणजे त्या कोष विणतात. त्यानंतर खाली उरते ती आठवड्याभराची घाण, कुजका पाला, मेलेल्या अळ्या. पहाटेपासून आम्ही तेच उपसत होतो. शाळेची वेळ झाली तशी मुंगी नळावर गेली, साबणाने आंघोळ केली, वहिनीने उन्हात वाळवून घरातल्या पेटीत ठेवलेला फ्रॉक घातला आणि शेडच्या दारात आली.

मी म्हटलं, थांब, मी पण आंघोळ करून येते.

"तू नको करूस," ती म्हणाली. "तू अशीच ये. म्हणजे वास तुझा येतोय असं वाटेल त्यांना."

नऊ वर्षांची पोर. हे तिने किती दिवस मनात ठेवलं होतं कोण जाणे. मी स्वतःकडे पाहिलं. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हात कोपरापर्यंत बरबटलेले, पदराला काय लागलंय ते मलाही बघवत नव्हतं. या अंगाने मी कधी ओसरीवरसुद्धा चढले नव्हते. रस्त्याने अख्ख्या गावातून जायचं होतं. मी म्हटलं, चल.

वाटेत ती माझ्यापुढे दहा पावलं चालली. पिठाच्या गिरणीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मी मान खाली घातली नाही, घातली असती तर स्वतःचाच वास जास्त आला असता. वर्गात शिरले आणि सरळ चपलांच्या शेजारी, मुंगीच्या जागेवर फतकल मारून बसले. मास्तर उठून उभा राहिला. म्हणाला, इथे पालकांना बसता येत नाही. मी म्हटलं, तुम्ही आमच्या दारी आलात तेव्हा मी तुम्हाला बसा म्हणायला हवं होतं, चुकलं माझं. आता आमची पोरगी वाचेल, तेवढं ऐकते आणि जाते. त्याने रुमाल काढला. मी म्हटलं, धरा, धरा, मलाही सोसत नाही.

पोरांनी नाकं धरली. या वेळी मनापासून धरली, आणि सगळी तोंडं माझ्याकडे. एक पोरगं ओकारी आल्यासारखं करत होतं. मुंगी त्यांच्या मधून चालत गेली आणि पुढे फळ्यापाशी उभी राहिली. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तेच तिला हवं होतं. तिने पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. धडा कुठल्याशा बोटीचा होता. पहिल्या ओळीत आवाज थरथरला, दुसरीत सावरला. तिसऱ्या ओळीला पोरं माझ्यावरून नजर काढून तिच्याकडे वळली, नाक धरलेलंच, पण तोंडं उघडी. ती वाचत राहिली. पान उलटलं. गुलाबी हाताने उलटलं. मास्तर म्हणाला, पुरे. ती थांबली नाही. तो परत म्हणाला, पुरे, येतं तुला. तरी तिने धडा शेवटपर्यंत वाचला, खालच्या प्रश्नांसकट.

मग ती बसली. माझ्याजवळ नाही, रांगेत, त्या मोकळ्या जागेत. तिच्या शेजारच्या पोरीने माझ्याकडे बघून नाक आणखी घट्ट दाबलं आणि मुंगीला कोपर मारलं. मुंगीने माझ्याकडे पाहिलं. आणि तिनेही नाक धरलं.

खोटं खोटं नाही, चांगलं दोन बोटांनी. वाटलं उठावं आणि तिथेच एक थोबाडीत द्यावी. मग वाटलं, तू आठ दिवस काय करत होतीस? तिने तर पावडर नाही लावली. मी बसून राहिले. मास्तरने एका चिठ्ठीवर मुलीला वाचता येतं असं लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवली. मी ती उचलली, माझ्या बोटांचे हिरवे डाग तिच्यावर उमटले.

घरी दादा जाळ्यांवर अळ्या सोडत होता. मी चिठ्ठी पुढे केली. त्याला वाचता येत नाही. त्याने ती मुंगीकडे दिली, मुंगीने वाचून दाखवली. दादाने आणखी एक अळी जाळीवर सोडली. मग म्हणाला, उद्यापासून वेचायला बाई बघतो, रोजाने का होईना. वहिनी तेवढ्यात बाहेर आली, मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, अशा अंगाने गेला होतात? आणि तिला हसू आलं, हसताना खोकला आला.

मी शेडच्या पायरीवर बसले. स्वतःच्या वासाने डोकं भणभणत होतं. मुंगी घरात गेली आणि मोरीतून साबणाची वडी आणि पाण्याची बादली घेऊन आली. बादली जड होती, दोन्ही हातांनी ओढत आणली. माझ्यापुढे ठेवली, बाही वर सारली.

"मी घालते आंघोळ," म्हणाली. "साबणाने."

आणि तिने माझा हात पुढे ओढून घेतला. या वेळी नाक धरायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.